धुरीमामांचा भिको

"शिरोडकरणीक मावो लागलोहा गो. आज साबणाच्या पाण्यान न्हाऊ घालूक व्हयी."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खुद्द शिरोडकरकाकू तिथून चार पावलांवर नळाला बादली लावून उभ्या होत्या. आम्ही मरोळच्या हाउसिंग बोर्डाच्या त्या इमारतीत राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. बोलणारे गृहस्थ म्हणजे तळमजल्यावरचे धुरीमामा. अर्धी विजार, जाड पांढऱ्या कापडाचा सदरा, हातात पितळेची पिचकारी. मी घाबरून काकूंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. बादली उचलता उचलता त्या मला म्हणाल्या, "माझा मोगरा गं तो. मी दिला ना त्यांना, म्हणून तो मी. तू नवीन आहेस, होईल सवय."

सवय व्हायला मला बराच वेळ लागला. धुरीमामांच्या खिडकीखाली वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांतून आणि फुटक्या बादल्यांतून तीस-पस्तीस झाडं होती आणि एकालाही स्वतःचं नाव नव्हतं. ज्यानं दिलं त्याचं नाव झाडाला. रंगीत पानांचा क्रोटन म्हणजे 'पोस्टमन', दुहेरी जास्वंद म्हणजे 'डिसोझा', कारण ती पलीकडच्या गावठाणातल्या डिसोझाबाईंकडून आली होती. मामा रोज सकाळी धुरीमामींना ओरडून सांगत, "पोस्टमन सुकलो, तेका सावलेत ठेव," आणि जिन्यावरून उतरणारे पाहुणे बिचकून थांबत. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र, आणि अंगात नव्या शिक्षणाची खुमखुमी. महिनाभरात मी पत्र्याच्या पट्ट्या कापून त्यांच्यावर रंगानं शास्त्रीय नावं लिहिली आणि डब्याडब्यात खोचली. मामांनी कौतुकानं पाहिलं. म्हणाले, "नीलाबाय, पाटी बरी असा तुझी. पण झाडाचा नाव घेवन मी काय करू? माका देणाऱ्याचा नाव म्हायत असा." आणि त्या पट्ट्यांचा उपयोग त्यांनी गोगलगायी काढायला केला.

मामा गिरणीत होते. विणून आलेलं कापड तपासायचं त्यांचं काम. तीस वर्षं उजेडासमोर कापड सरकवत त्यांनी फक्त दोष शोधले होते. गिरणीतून घरी बसले तरी डोळ्यांची ती सवय सुटली नव्हती. रेशनचे तांदूळ असोत, शेजारच्या मुलाचं प्रगतिपुस्तक असो की माझ्या आईनं पाठवलेली पुरणपोळी असो, ते आधी उजेडाकडे धरून बघत. "एक धागो तुटलेलो गावलो काय अख्खो तागो बाद," हे त्यांचं पालुपद होतं. माणसांनाही ते हाच नियम लावत. वाण्यानं एकदा साखरेचा भाव चुकीचा सांगितला, तर त्यांनी ते दुकान सोडलं आणि पुढची सगळी वर्षं वीस मिनिटं चालत दुसऱ्या दुकानात गेले.

आता एवढ्या काटेकोर माणसानं लबाडी करू नये ना? पण झाडांसाठी ते सर्रास करत. आरे कॉलनीतल्या गोठ्यांवरून शेणखत आणायचं तर बसनं. कंडक्टर गोण घेऊन चढू देत नसे. म्हणून मामांनी दुधाचा एक मोठा अॅल्युमिनियमचा डबा मिळवला होता, झाकणाचा. तो खतानं भरून, वर स्वच्छ फडकं बांधून, मांडीवर घेऊन ते बसमध्ये बसत. एकदा शेजारच्या बाईनं विचारलं, "म्हशीचं का हो?" मामा म्हणाले, "होय, म्हशीचाच." हे सांगताना त्यांना आपण खोटं बोललो असं मुळीच वाटत नव्हतं. मला मात्र त्यांचा हिशेब कधीच नीट कळला नाही.

ह्या सगळ्या गोतावळ्यात एक झाड वेगळं होतं. ते डब्यात नव्हतं, जमिनीत होतं, पंपाच्या खोलीच्या भिंतीला लागून. गुडघ्याच्या वरपर्यंत आलेली रुंद, लांबट, हिरवीगार पानं, आणि फूल नाही. मामा त्याला 'भिको' म्हणत. बाकीच्यांना पाणी घालताना त्यांची बडबड चाले, भिकोला मात्र ते न बोलता पाणी घालत. भिको कोण, हे मला मामींनी सांगितलं, तेही मामा बाहेर गेलेले बघून.

भिको, म्हणजे भिकाजी, हा मामांचा धाकटा भाऊ. जहाजावर खलाशी. आम्ही तिथे राहायला येण्याच्या आदल्या वर्षी मामांची आई ह्याच खोलीत वारली. मामांनी जहाज कंपनीच्या कचेरीच्या पत्त्यावर तार केली होती. भिको आला तो बाराव्या दिवशी, पानं वाढून झाल्यावर. म्हणाला, तार मिळालीच नाही, आम्ही समुद्रात होतो, आई गेली हे मला आत्ता ह्या दारात कळतंय. पण गिरणीतल्या कुणीतरी मामांना सांगितलं होतं की, भिकोला चार दिवसांपूर्वी गोदीत पाहिलं. भिकोच्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एका फुलझाडाचा कांदा होता, सिंगापूरहून आईसाठी आणलेला. सगळ्यांसमोर तो सांगत राहिला, "फूल उलटा लोंबता, दादा. लालभडक. बांगड्यांची गाथण टांगल्यासारखा. माझ्या डोळ्यांनी बघलंय. आवशीक दाखवन गणपतीच्या माटवेक बांधूचा होता." आमच्या कोकणात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं-फुलं बांधतात, ती माटवी; आणि गाथण म्हणजे दोरीत ओवलेल्या बांगडे माशांची माळ. आई गेलेल्या घरात हा माणूस फुलाच्या गोष्टी सांगतोय, ह्याचा मामांना संताप आला. ते म्हणाले, तारेचंही खोटं आणि फुलाचंही खोटं. भिकोनं कांदा पायरीवर ठेवला आणि तो गेला. पुढे त्यानं जहाज सोडलं आणि तो वेंगुर्ल्याजवळच्या गावच्या घरात जाऊन राहिला.

गावचं घर म्हणजे गावचा गणपती. मामांनी त्या वर्षापासून गणपतीला जाणं बंद केलं. ज्यांना कोकणी माणूस ठाऊक आहे त्यांना ह्यापुढे काही सांगायला नको. चतुर्थीच्या आधी दोन दिवस आमची अख्खी इमारत ट्रंका-पिशव्या घेऊन एसटीच्या गाड्यांना लागे आणि मामा मागे राहून सगळ्यांच्या कुंड्यांना पाणी घालत.

"मग तो कांदा टाकून का नाही दिला?" मी मामींना विचारलं.

"टाकतले कसे? तेंनीच लावल्यानी," मामी म्हणाल्या. "म्हणाले, फूल येंवदे. मगे ठरतला कोण खरो ता."

म्हणजे मामांनी ते झाड भावाला खोटं पाडण्यासाठी लावलं होतं. निदान सुरुवातीला. पुढे मला वाटायला लागलं की, त्यांना आता ते खरं व्हायला हवंय. ते जाता-येता भिकोची पानं बाजूला करून आत वाकून बघत आणि काही नसलं की त्यांचा चेहरा पडे. विचारलं तर म्हणत, "किडो बघी होतंय."

झाड कुठलं, ह्यावर कुणाचं एकमत नव्हतं. मामी म्हणत, रानकेळ. शिरोडकरकाकू म्हणत, हळद, आणि ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी एका नागपंचमीला भिकोची पानं नेऊन त्यांत पातोळ्या उकडल्या. हळदीच्या पानाचा वास तर सोडाच, त्या पातोळ्यांना गवताची चव आली आणि काकू दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. शेवटी मामा माझ्याकडे आले. "तू शिकतंस ना ह्याच? सांग बघू."

मी एक पान तोडलं, पुस्तकातल्या चित्राशेजारी धरलं, माती उकरून कांदा पाहिला. पान रुंद, मधली शीर ठसठशीत, कांदा आडवा पसरणारा. मी ठणकावून सांगितलं, "मामा, ही कर्दळ आहे."

"कर्दळ. म्हणजे फूल उभा येतला? लोंबूचा नाय?"

"कर्दळीचं फूल लोंबत नाही."

मामांनी उकरलेली माती हातानं कांद्यावर परत लोटली. मग म्हणाले, "बरा." मी अठरा वर्षांची होते. त्या एका शब्दात काय होतं ते मला तेव्हा उमगलं नाही.

मी एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी बागकामाचं पुस्तकही वाचलं होतं. कर्दळ हिवाळ्यात जमिनीलगत कापावी, म्हणजे नवे कोंब जोमानं येतात आणि भरपूर फुलतात, असं त्यात छापलेलं होतं. तेव्हापासून दर मार्गशीर्षात मामा कोयता घेऊन यायचे, मी शेजारी उभी राहायचे आणि भिकोला आम्ही साफ आडवं करायचो. उन्हाळ्यात तो पुन्हा वाढायचा, पावसाळ्यात कमरेपर्यंत यायचा आणि फूल काही यायचं नाही. माझ्याकडे दर वर्षी नवं कारण तयार असे. पहिल्या वर्षी ऊन कमी पडलं, दुसऱ्या वर्षी पाणी जास्त झालं. तिसऱ्या वर्षी मी आरेच्या खतावर खापर फोडलं आणि मामा बिचारे डबा घेऊन दुसऱ्या गोठ्यावर जायला लागले. कर्दळ एका मोसमात फुलते, हे मला परीक्षेत लिहिता येत होतं. पण समोरचं झाड चार वर्षं फुलत नाही म्हणजे ते कर्दळ नसेल, हे काही मला सुचलं नाही. मला पदवी मिळाली, मी पुढच्या वर्गात गेले, भिको होता तिथेच.

पाचव्या वर्षी श्रावणात एका सकाळी इमारतीला पाणी आलं नाही. सहा वाजता पंप सुरू करायचं काम शिरोडकरकाकूंचं होतं. सात वाजले, साडेसात झाले. जिन्यात बादल्यांचा खडखडाट आणि माणसांचा आरडाओरडा सुरू झाला. काकू आपल्या दारात चावी मुठीत धरून बसल्या होत्या. "मी नाही जाणार तिथे. पंपाच्या मागे कुणीतरी करणी करून लाल काहीतरी टांगून ठेवलंय. लोंबतंय ते. माझ्या डोळ्यांनी बघितलंय!"

"अहो काकू, फडकं असेल कुणाचं," माझे वडील म्हणाले.

"फडक्याला चोची असतात का?"

मामांनी काठी घेतली. त्यांच्या मागे मी आणि आमच्या मागे रिकाम्या बादल्या घेतलेली अर्धी इमारत. पंपाची खोली आणि कंपाउंडची भिंत ह्यांच्यामध्ये हातभर रुंदीचा बोळ होता, तिथे कुणी कधी शिरत नसे. भिकोचा कांदा जमिनीखालून सरकत सरकत त्या बोळात गेला होता. आमचा कोयता तिथपर्यंत कधी पोचलाच नव्हता. तिथे डोक्याच्याही वर गेलेला एक जुना दांडा उभा होता, केळीसारखी मोठी पानं असलेला. त्याच्या शेंड्यातून हातभर लांबीचं काहीतरी खाली लोंबत होतं. लालभडक, टोकाला पिवळंहिरवं. एकाखाली एक, डावी-उजवीकडे चोची काढलेलं. बांगड्यांची गाथण अशीच दिसते.

मामांच्या हातातली काठी खाली आली. ते बोळात आडवे होऊन शिरले, फुलाखाली हात धरला, पण त्याला शिवले नाहीत. "लोंबता गो," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, मामींना ऐकू जाईल असं, "लोंबता." मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, आता पंप चालू करा ना यार, आंघोळी व्हायच्यात!"

त्या दुपारी मी एक चोच घेऊन कॉलेजात गेले. आमच्या बाईंनी एका नजरेत सांगितलं: हेलिकोनिया. बाहेरून आलेलं झाड, शोभेसाठी लावतात. आणि सहज जाता जाता म्हणाल्या, "जुन्या दांड्यालाच फूल येतं गं ह्याला. दांडे दरवर्षी कापले तर जन्मात फुलायचं नाही." मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. चार वर्षं त्या माणसाच्या भावाला खोटं ठरवणारी मी आणि तो खरा ठरू नये म्हणून कोयत्याशेजारी उभी राहणारीही मीच. मामांना हे सांगायचं धैर्य मला झालं नाही.

गणपती तीन आठवड्यांवर होते. मामांनी एसटीचं तिकीट काढलं. फूल टिकेल का ह्याची त्यांना धास्ती होती, पण त्या दांड्याशेजारच्या दुसऱ्या दांड्यातून आणखी एक गाथण बाहेर पडली. निघायच्या दिवशी त्यांनी ती कापली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि आपल्या त्या दुधाच्या डब्यात उभी ठेवली. मी निरोप द्यायला गेले तर म्हणाले, "माका कायच समजत नाय, नीला. पाच वर्सां मी तेच्यावर रागान बसलंय. आता फूल खरा झाला, तर मगे तारेचाही खरा काय?"

दहा दिवसांनी मामा परतले. मला हाक मारून पायरीवर बसवलं, हातावर खोबऱ्याची वडी ठेवली.

"माटवेक बांधलंव. मधोमध. सगळो गाव बघूक इलो," ते म्हणाले. "मगे मी भिकोक इचारलंय, तू खय बघलंस रे ह्या फूल? तर हसाक लागलो. म्हणता, दादा, मी खय बघूक? सिंगापूरच्या एका सैपाक्यान कांदो दिल्यान नि सांगल्यान, असा असा फूल येता. मी आपला बघलंय म्हणान सांगलंय. नायतर तू इश्वास ठेवलं नसतंस."

मामा माझ्याकडे रोखून बघत होते, खरंच उत्तर हवं असल्यासारखे. "तू शिकलेला चेडू, तूच सांग. फूल खरा. बघलंय म्हणालो ता खोटा. मगे माणूस खरो काय खोटो?"

"आणि तार? तारेचं विचारलंत?"

"नाय."

"का?"

"इचारलंय तर तो कायतरी सांगतलो. सांगलो काय मी परत धागो बघूक बसतलंय."

तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. कर्दळ नव्हती, कापायला नको होतं, माझ्यामुळे चार वर्षं फुकट गेली, तुम्ही चार गणपती आधीच गावी गेला असतात. सांगता सांगता मला हुंदका आला. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग आपल्या सदऱ्याची कड ओढून माझ्यासमोर उजेडात धरली. त्या जाड पांढऱ्या कापडात एक आडवी रेघ होती, एक धागा नसलेली.

"गिरणीत बाद केलेलो कपडो आमकाच स्वस्तात गावायचो," ते म्हणाले. "मी जल्मभर बादच कपडो घातलंय गो. एक सदरो फाटलो नाय."

एवढं बोलून ते शिरोडकरणीला पाणी घालायला उठले.

पुढच्या वर्षी मामा-मामी कायमचे गावी गेले, भिकोच्या शेजारी. जाताना सगळी झाडं ज्याची त्याला परत दिली. मी त्यांना कधी कुठलं झाड दिलेलं नव्हतं, तर माझ्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला कांदा ठेवला. म्हणाले, "ह्याका कापू नको हां." लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा तो माझ्याबरोबर आला. बाल्कनीतल्या अर्ध्या पिंपात तो आता माझ्यापेक्षा उंच झालाय. कॉलेजात मी मुलांना त्याचं शास्त्रीय नाव सांगते. घरात मात्र त्याला देणाऱ्याचंच नाव आहे.

मामा गेले ते मला पत्रानं कळलं. आंतर्देशीय पत्र, गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं, खाली भिकाजींची वाकडी सही. "दादा गेले त्यास आज नऊ दिवस झाले. त्याच दिवशी तुम्हांस तार केली होती. ती मिळाली असेलच."

तार मला मिळाली नव्हती. मी पोस्टात जाऊन आले, जुन्या पत्त्यावर मरोळलाही विचारून आले. कुणाला काही माहीत नव्हतं. भिकाजींनी ती खरंच केली होती की नुसतं लिहिलं होतं, मला आजही सांगता येणार नाही. मग एक कार्ड घेतलं आणि मामांविषयी चार ओळी लिहून झाल्यावर खाली लिहिलं, "तार मिळाली नाही. तारा कधी कधी पोचत नाहीत."

कार्ड पेटीत टाकून आले आणि धुरीमामांना पाणी घातलं.